चवळीतला भुंगा की रंकाळ्यावरचे पाणकिडे? परिस्थिती बदलली की नर-मादी संघर्ष कसा बदलतो, यावर प्रोजेक्ट

रंकाळाकाठ (प्रश्न)

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, वेळ डिसेंबर ते मार्च. विषय ठरलाय: कीटकांमधला नर-मादी संघर्ष भोवतालच्या परिस्थितीने कसा बदलतो. नराला जितकी जास्त मीलनं तितकी फायद्याची, मादीला मात्र एका मर्यादेनंतर प्रत्येक मीलन महागात पडतं, इथपर्यंत वाचन झालंय. अन्न, पाणी, गर्दी, तापमान आणि शत्रू यांनी हे गणित कुठे सरकतं ते प्रयोगातून दाखवायचं आहे.

सध्याचा आराखडा असा. वॉटर स्ट्रायडर, म्हणजे पाण्यावर घसरत पळणारे लांब पायांचे किडे, कोल्हापुरातल्या रंकाळ्याच्या आणि कळंबा तलावाच्या कडेने धरायचे. प्लास्टिकच्या टबांत तीन तापमानं, दोन प्रकारची गर्दी, मासा आहे किंवा नाही, अशी सगळी जुळणी करायची आणि तासाला किती मीलनं झाली ते मोजायचं. विभागात एक बी.ओ.डी. इनक्युबेटर (आतलं तापमान ठरवून देता येणारी पेटी), ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू आणि स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे. कॅमेरा म्हणून मोबाइल.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा किडा या कामाला बरा का? मीलनांची संख्या हे माप पुरेसं आहे का? आणि कोल्हापूरच्या हवेत यातलं काय काय बिघडू शकतं?

कीटकघर

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घोळ झाला तर बाकीचं कितीही नेटकं केलं तरी हाती काही लागणार नाही.

तासाला किती मीलनं झाली यावरून संघर्ष तीव्र आहे की सौम्य हे कळत नाही. तुमच्याच किड्याचं बघा. नर मागून झडप घालून पाठीवर बसतो. मादी उसळते, कोलांट्या मारते, त्याला झटकायला बघते. या झटापटीत तिची शक्ती खर्च होते आणि पाण्यावर उठणाऱ्या तरंगांनी शत्रूला पत्ता लागतो. नर पाठीवर टिकलाच, तर त्याचं ओझं घेऊन हिंडायचं, म्हणजे शिकार कमी. मादीसमोर असे दोन खर्च असतात, एक नकाराचा आणि एक होकाराचा. परिस्थिती बदलली की या दोन्हींचे भाव बदलतात, आणि ज्याचा भाव कमी ते ती पत्करते.

आता तलावात नर वाढले आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी अंगावर यायला लागलं, तर प्रत्येकाशी झगडण्यापेक्षा एकाला पाठीवर घेऊन गप्प राहणं स्वस्त पडतं. मीलनांचा आकडा वाढतो, पण मादीचा त्यात काही लाभ नसतो, फक्त त्रास टळतो. थॉर्नहिल आणि अल्कॉक यांनी १९८३ मध्ये हे मांडलं आणि लॉक रो यांनी १९९२ मध्ये वॉटर स्ट्रायडरवर ते दाखवलं. तिथेच हेही दिसलं की उपाशी मादी जास्त झगडते, कारण तिला शिकारीसाठी मोकळं राहायचं असतं. म्हणजे पोट भरलेल्या मादीची मीलनं वाढली ती एका कारणाने आणि नरांच्या गराड्यातल्या मादीची वाढली ती अगदी दुसऱ्याच कारणाने. तुमच्या वहीत मात्र दोन्हीकडे '६' एवढंच लिहिलेलं असेल.

म्हणून निदान चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवा: मादीमागे तासाला किती झडपा आल्या, प्रत्येक झटापट किती सेकंद चालली, शेकडा किती झडपांचं मीलन झालं आणि नर एकूण किती वेळ पाठीवर होता. झडपा वाढल्या आणि झटापटीचे सेकंद घटले, तर मादीने विरोध सोडलाय. झडपा तेवढ्याच आणि सेकंद वाढले, तर विरोध वाढलाय. याच्या पुढे मादीची अंडी आणि आयुष्य मोजलंत तरच 'नुकसान' हा शब्द वापरता येईल. नुसत्या वागणुकीवरून नुकसान सिद्ध होत नाही, परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

माशाबद्दल. अँड्र्यू सिह आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की मासा असला की मीलनं घटतात. सरळ आहे, हलणारी जोडी लवकर नजरेत भरते. पण गेरिस ग्रॅसिलिकॉर्निस या जातीत गंमत उलटी आहे. तिथला नर पाठीवर बसून पाण्यावर पाय आपटतो, तरंगांनी खालून शिकार करणारे बॅकस्विमर नावाचे पाणकिडे जवळ येतात, आणि त्यांच्या तोंडी आधी मादी सापडते कारण ती खाली असते. ती नमेपर्यंत तो आपटत राहतो. हान आणि याब्वोन्स्की यांनी २०१० मध्ये हे छापलं. शत्रूच्या भीतीने एका जातीत नर मागे सरतात, दुसरीत तीच भीती नराच्या हातातलं हत्यार होते. तेव्हा 'शत्रू असला की संघर्ष कमी' असं गृहीतक आधीच लिहून ठेवू नका.

आराखडा मोठा आहे, फार मोठा. ३ × २ × २ म्हणजे १२ गट, गटाला १० टब धरले तरी १२० टब. शिवाय एका इनक्युबेटरमध्ये तीन तापमानं एकाच वेळी होत नाहीत. आळीपाळीने केलीत तर तापमानाचा परिणाम आणि तारखेचा परिणाम एकमेकांत मिसळून जातील, मग कोणतंही गणित ते सोडवू शकत नाही. परिस्थितीचा एकच घटक घ्या आणि तो नीट घ्या.

आणखी एक. चार महिन्यांत दिसेल तो फक्त त्याच किड्याने परिस्थिती बघून केलेला बदल. पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल ही वेगळी गोष्ट. हॉलंड आणि राइस यांनी १९९९ मध्ये फळमाश्यांना ४७ पिढ्या सक्तीने एकास एक ठेवलं, तेव्हा नर कमी घातक आणि माद्या कमी चिवट झालेल्या दिसल्या. प्रबंधात या दोन्हींची सरमिसळ करू नका.

भुंगेरा४१६

रंकाळा सोडा, चवळी धरा. कडधान्याला लागणारा भुंगा, कॅलोसोब्रुकस मॅक्युलेटस, या कामासाठी घडवल्यासारखा आहे. नराच्या जननांगावर काटे असतात, मीलनात मादीच्या जननमार्गाच्या आतल्या भिंतीला जखमा होतात, आणि मादी शेवटी शेवटी मागच्या पायांनी नराला लाथा मारते. क्रजिंग्टन आणि सिवा-जोथी यांनी २००० साली हे दाखवलं. लाथा मारता येऊ नयेत अशी तजवीज केली, तर मीलन लांबतं आणि जखमा वाढतात. दुसरीकडे नर एका मीलनात आपल्या वजनाच्या ५ ते १० टक्के द्रव देतो. प्रौढ भुंगा साठवणीच्या धान्यात काही खात नाही, पाणीही मिळत नाही, त्यामुळे कोरड्यात हा द्रव म्हणजे मादीला पाणीच. एडवर्डसन यांनी २००७ मध्ये दाखवलं की तहानलेली मादी जास्त वेळा मीलन करते. म्हणजे पाणी हा एकच घटक बदलला की दोन्ही भाव सरकतात. चार महिन्यांत, एका इनक्युबेटरमध्ये, आरामात बसतं.

आधी धान्य. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून एकाच पोत्यातली ५ किलो अख्खी चवळी घ्या. पुढे कमी पडली म्हणून दुसरीकडची आणलीत तर दाण्याचा आकार बदलतो आणि अंड्यांचे आकडे हलतात. तेल चोळलेलं धान्य नको, तेलकट सालीवर अंडं चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं तर अजिबात नको, त्याला औषध लावलेलं असतं. आणलेली चवळी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे आधीची कीड मरेल. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर दाण्यांना घाम फुटतो आणि चार दिवसांत बुरशी धरते.

भुंगे कुठल्याही दुकानाच्या तळच्या डब्यात मिळतील, पण जात तपासा. आपल्याकडे कॅलोसोब्रुकस चायनेन्सिस तितकाच असतो आणि बरेचदा दोन्ही एकत्र निघतात. चायनेन्सिसच्या नराच्या मिशा फणीसारख्या दातेरी असतात, मॅक्युलेटसच्या करवतीसारख्या, दात बुटके. चायनेन्सिसचे नर मॅक्युलेटसच्या माद्यांवरही चढतात आणि त्यांची अंडी घटतात. बरणीत असे थोडे जरी राहिले तरी तुम्ही भलताच संघर्ष मोजत बसाल. पक्कं करायला नमुने स्पिरिटमध्ये घालून कीटकशास्त्राच्या जाणकाराला दाखवा.

मूळ बरणी: एक किलोची रुंद तोंडाची, त्यात २०० ग्रॅम चवळी, ५० ते १०० भुंगे, वर मलमल आणि रबर. दोन दिवसांनी चाळणीने भुंगे काढून टाका, म्हणजे सगळी अंडी एका वयाची. ३० अंशांना साधारण २१ ते २५ दिवसांत नवे भुंगे बाहेर पडतात, गार खोलीत महिना सहज उलटतो. चाळताना छोट्या काळ्या गांधीलमाश्यांसारखं काही उडताना दिसलं तर ती बरणी फेका. त्या भुंग्याच्या अळीवर जगणाऱ्या परजीवी माश्या आहेत, एकदा शिरल्या की सगळ्या बरण्या खाऊन टाकतात.

कुमारी माद्या मिळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आणि इथेच आळस होतो. अठराव्या दिवसाच्या आसपास दाणे उजेडात धरून बघा. भुंगा तयार झाला की सालीखाली काळसर गोल खिडकी दिसते. असे दाणे २४ खणांच्या प्लेटमध्ये खणाला एक असे ठेवा. ज्या दाण्यावर एकाहून जास्त अंडी होती ते घेऊच नका, एकाच दाण्यातून नर-मादी दोघंही निघाले तर मादी कुमारी उरत नाही. दिवसातून दोनदा बघा. मादीच्या पोटाच्या शेवटच्या पट्टीवर दोन्ही बाजूंना गडद पट्टे असतात, नराची ती पट्टी साधी आणि फिकी.

आता प्रयोग. एक दिवस वयाच्या मादीला वजन करून एका कुमार नराबरोबर ६० मिलिमीटरच्या डिशमध्ये सोडा आणि मीलन डोळ्यांनी बघा. तीन कालावधी नोंदवा: चढायला लागलेला वेळ, पहिल्या लाथेपर्यंतचा वेळ, सुटेपर्यंतचा वेळ. मग चिठ्ठ्या टाकून चार गट:

पाणी आहे, पुन्हा नर नाही.
पाणी आहे, रोज नर.
पाणी नाही, पुन्हा नर नाही.
पाणी नाही, रोज नर.

गटाला ३० माद्या. प्रत्येकीच्या डिशमध्ये ६० दाणे, सगळ्यांना सारखेच. दाणे कमी पडले तर मादी अंडी रोखून धरते आणि जास्त जगते, मग आयुष्याचा आकडा फसवा ठरतो. पाणी द्यायला अर्ध्या मिलिलिटरच्या एपेनडॉर्फ ट्यूबमध्ये ओल्या कापसाचा बोळा घट्ट बसवा. उघडा थेंब ठेवलात तर भुंगा त्यात चिकटून मरतो. कोरड्या गटालाही तशीच ट्यूब, कोरड्या बोळ्यासकट.

'रोज नर' म्हणजे २४ तास नर सोबत ठेवणं नव्हे. तसं केलं तर नर पाणी पितो, दाण्यांवर मादीला हुसकतो आणि मीलन किती झालं ते कळत नाही. रोज ठरलेल्या वेळी मादीला दाणे नसलेल्या रिकाम्या डिशमध्ये ४५ मिनिटं नराबरोबर ठेवा. 'पुन्हा नर नाही' या गटातल्या मादीलाही तेवढाच वेळ रिकाम्या डिशमध्ये एकटीला ठेवा. हाताळणी सारखी नसेल तर फरक नराचा की चिमट्याचा, हे सांगता येणार नाही. नर दोन्ही गटांसाठी एकाच बरणीतले, सारख्याच कोरड्यात वाढलेले, आणि एकदा वापरलेल्या नराला ४८ तास विश्रांती. लागोपाठ मीलनात द्रव कमी कमी होत जातो, दमलेला नर कोरड्या गटाला पाणीच देणार नाही.

मादी मेल्यावर दाणे मोजा. फुटलेलं अंडं पांढरं, दुधी दिसतं, कारण अळी आत शिरताना मागे भुसा भरत जाते. न फुटलेलं पारदर्शक राहतं. दोन्ही वेगळे मोजा. वेगळ्या काही माद्या मीलनानंतर ४८ तासांनी उघडून बघायच्या असतील तर सलाइनमध्ये जननमार्गाचा कोष काढा, जखमेच्या जागी तपकिरी डाग दिसतात. हे जमलं तर छान, नाही जमलं तरी प्रोजेक्ट उभा राहतो.

तुमच्या तराजूबद्दल: मादी काही मिलिग्रॅमची, ०.१ पर्यंतचा तराजू तिच्या वजनाला कसाबसा चालेल. नराने दिलेला द्रव मात्र ०.३ मिलिग्रॅमच्या आगेमागे. मीलनाआधी आणि नंतर नर तोलून तो काढायच्या भानगडीत पडू नका, तराजूची चूकच त्याहून मोठी निघेल.

नदीघाट

चांगलं लिहिलंय, पण एक शंका. तहानलेली मादी स्वतःहून जास्त मीलन करते म्हणता. मग हा संघर्ष कुठे राहिला? नर पाणी देतो, मादी घेते. ही देवाणघेवाण झाली. प्रोजेक्टचं नाव 'संघर्ष' आणि निकाल 'सहकार्य', असं व्हायचं.

भुंगेरा४१६

@नदीघाट, भावा, मुद्दा बरोबर आहे, पण संघर्ष आहे की नाही हे एका मीलनावरून ठरत नाही. किती वेळा, किती वेळ आणि पुढच्या नरासाठी किती लवकर तयार, यावर नर आणि मादी यांचे सोयीचे आकडे वेगळे असले की संघर्ष आहे. पाणी असेल तर मादीचा सोयीचा आकडा एकदोन मीलनांवर थांबतो आणि नराचा बराच वर असतो. कोरड्यात मादीचा आकडा वर सरकतो, मधली दरी अरुंद होते. पण काटे तेच, जखम तीच. ती पाणी जखमेच्या किमतीत घेते.

काटे का टिकले तेही बघा. हॉट्झी आणि आर्नक्विस्ट यांनी २००९ मध्ये दाखवलं की लांब काट्यांच्या नरांना नर-नर स्पर्धेत जास्त अंडी फळवता येतात. म्हणजे नराचा फायदा काट्यातही आहे आणि द्रवातही. परिस्थितीनुसार मादीच्या बाजूने यातलं कुठलं पारडं जड होतं, तेच या चार गटांतून निघायला हवं. पाणी असताना रोजच्या नराने आयुष्य घटलं आणि कोरड्यात तोच रोजचा नर आयुष्य वाढवून गेला, तर याहून स्वच्छ निकाल एम.एस्सी.ला मिळणार नाही. दोन्हीकडे सारखंच घटलं, तर पाण्याची भेट जखम भरून काढत नाही, हाही निकालच.

टाचणीवाला

प्रयोगशाळेबाहेर काही करायचं असेल तर वॉटर स्ट्रायडरपेक्षा टाचण्या, म्हणजे चतुरासारखे सडपातळ डॅमसेलफ्लाय कीटक, घ्या. राजाराम तलाव, कळंबा, रंकाळा, कुठेही गवताळ काठावर इश्नुरा सेनेगॅलेन्सिस दिसते. हिच्यात माद्या दोन रूपांत असतात, एक नरासारखी निळसर-हिरवी आणि दुसरी मातकट. नर ज्या रूपाच्या माद्या जास्त दिसतात त्यांच्यामागे जास्त लागतात, त्यामुळे कमी असलेलं रूप छळातून वाचतं. जपानमध्ये ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याच जातीवर हे दाखवलं. तुम्हाला करायचं ते एवढंच: वेगवेगळ्या गर्दीच्या काठांवर ५० मीटरच्या पट्ट्यात नर आणि दोन्ही रूपांच्या माद्या मोजायच्या, आणि एकेका मादीमागे १० मिनिटं बसून तिला किती नरांनी गाठलं ते लिहायचं. किडा मारावा लागत नाही.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. कोवळी मातकट मादी नारिंगी दिसते, तिला तिसरं रूप समजू नका, ती अजून वयात आलेली नाही. आणि नरासारखी मादी लांबून नरच वाटते. जाळीत धरून पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली बघा, तिथे नराचं जोड-जननांग असतं, मादीला नसतं. जोड्या सकाळी लवकर लागतात आणि तासन्‌तास टिकतात, म्हणून अकरा वाजता गेलात तर चक्रं, म्हणजे आधीच जुळलेल्या जोड्या, दिसतील, पाठलाग दिसणार नाही. वाऱ्याचा दिवस सोडून द्या.

वॉटर स्ट्रायडर करायचेच असतील तर टब साबणाने धुऊ नका. साबणाचा अंशही राहिला तर पाण्याचा ताण तुटतो आणि किडे सरळ बुडतात. पंखवाले उडून जातात, वर मच्छरदाणीची जाळी हवी. रोज प्रत्येकाला दोनतीन फळमाश्या खायला, नाहीतर ते एकमेकांना खातात. थर्माकोलचे तुकडे टेकायला ठेवलेत तर माद्या त्यावर चढून नर चुकवतात. हा आसरा स्वतःच प्रयोगाचा घटक होऊ शकतो, फळमाश्यांतही आडोशाच्या जागा वाढवल्या की नरांचा उपद्रव कमी होतो. पण आसरा एका टबात आणि दुसऱ्यात नाही, असं नकळत झालं तर सगळं वाया.

राधानगरी (दाजीपूर) अभयारण्यातून काहीही उचलायचं तर आधी वनविभागाची लेखी परवानगी. ओढ्यातले मोठे टिलोमेरा (वॉटर स्ट्रायडरचाच एक प्रकार) बघून मोह होतो, पण ते वाहत्या पाण्याचे किडे, टबात टिकत नाहीत.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे आभार. भुंगा पक्का केला, टाचण्या वेळ उरला तर. दोन शंका उरल्यात. कोरडा आणि पाण्याचा गट एकाच इनक्युबेटरमध्ये ठेवायचा तर हवेतला दमटपणा दोन्हीकडे सारखा येणार, मग कोरडं ते कोरडं कसं राहील? आणि विश्लेषणात नेमकं काय टाकायचं?

भुंगेरा४१६

दमटपणा सारखाच ठेवा, फरक फक्त पिण्याच्या पाण्याचा. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाला मिठाचा गाळ, वर जाळी, जाळीवर डिश. सोडियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर हवा सुमारे ७५ टक्के दमट राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे ३३ टक्के. तुम्ही ३३ वर जा. ७५ वर तहान फारशी जाणवत नाही आणि चवळीला बुरशी लवकर धरते. द्रावणात न विरघळलेले खडे कायम दिसले पाहिजेत, नुसतं पाणी दिसलं तर दमटपणा वर गेलाय असं समजा. ७५ चा डबा करायचाच असेल तर किराण्यातलं खडेमीठ नको, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि आकडा खाली ओढतात. प्रयोगशाळेतलं मीठ घ्या. डब्यात वीसपंचवीस ओले बोळे असतील तर तेच हवा दमट करतात, म्हणून पाण्याचे आणि कोरडे गट वेगळ्या डब्यांत ठेवा. प्रत्येक प्रकारचे निदान तीन डबे करा आणि त्यांची जागा रोज बदला, म्हणजे 'वरच्या कप्प्यातला डबा' हा वेगळा घटक होत नाही. डब्यात स्वस्तातला दमटपणा-मापक टाकून रोज वाचा, पण सुरुवातीला तो सोडियम क्लोराइडच्या डब्यात रात्रभर ठेवून ७५ दाखवतो का ते बघून घ्या.

तिसऱ्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच होतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो. वीज गेली की इनक्युबेटर गार पडतो आणि भुंगे दोनचार दिवस उशिरा निघतात, म्हणून कमाल-किमान थर्मामीटर आत ठेवा आणि रोज दोन्ही आकडे लिहा. मार्चमध्ये उलट, ३७-३८ अंशांची दुपार. बी.ओ.डी. थंडही करतो म्हणून चालेल, पण वजन आणि मीलन बघणं बाहेरच्या टेबलावर होतं, ते सकाळी दहाच्या आत उरका. तापमानाने गणित खरंच बदलतं: व्हॅलेन्सियाच्या गटाने रानटी फळमाश्यांवर २०, २४ आणि २८ अंशांना काम केलं, तेव्हा नराकडून होणारं नुकसान मधल्या तापमानाला सर्वांत जास्त आणि दोन्ही टोकांना कमी निघालं. डिसेंबरातला एक गट आणि मार्चातला दुसरा, असं कधीच करू नका. चारही गटांच्या माद्या रोज थोड्या थोड्या सुरू करा.

आकडेमोड

विश्लेषण सोपं आहे. 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. अंड्यांसाठी निगेटिव्ह बायनॉमिअल मॉडेल (मोजून आलेल्या आकड्यांसाठीचं), आयुष्यासाठी कॉक्स मॉडेल (किती काळ जगली यासाठीचं), दोन्हींत पाणी, नर आणि पाणी × नर. तुमचा सगळा प्रश्न त्या शेवटच्या गुणाकारात आहे: पाणी असण्या-नसण्याने नराचा परिणाम बदलतो का. 'पाण्याने आयुष्य वाढतं' आणि 'नराने घटतं' ही दोन वाक्यं वेगवेगळी सिद्ध करून संघर्ष परिस्थितीने बदलतो असं म्हणता येत नाही, बरेच प्रबंध नेमके इथे घसरतात. एका गटात फरक 'सिग्निफिकंट' आला आणि दुसऱ्यात नाही आला, यावरूनही म्हणता येत नाही.

मादीचं सुरुवातीचं वजन मॉडेलमध्ये घाला, जड मादी जास्त अंडी देते. डबा क्रमांक आणि सुरू केल्याची तारीख रँडम घटक म्हणून, म्हणजे डब्याडब्यातला आणि दिवसादिवसातला फरक हिशेबात येतो. चिमट्यात सापडून मेलेली किंवा हरवलेली मादी वगळू नका, तोपर्यंत जगली एवढं नोंदवून सेन्सॉर करा. अंडी आणि आयुष्य दोन्ही दाखवा, एकाचं दुसऱ्यावर ओझं पडतं: कमी अंडी घालणारी मादी जास्त जगते आणि घाईने बघणाऱ्याला नर निरुपद्रवी वाटतो. ३० च्या गटात बारीक फरक सापडणार नाहीत, तेव्हा गटांचा सरासरी फरक आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा (खरा फरक साधारण ज्या पट्ट्यात असावा तो) छापा, नुसती पी-किंमत नको.

व्हिडिओ बघून लाथांचे सेकंद मोजणाऱ्याला कोणती मादी कोणत्या गटातली ते माहीत नसावं. फाइलींना सांकेतिक आकडे द्या आणि यादी दुसऱ्याकडे ठेवा.

भुंगेरा४१६

शेवटचं एक. काम संपलं की बरण्या कचऱ्यात टाकू नका आणि विभागाच्या खिडकीत तर मुळीच ठेवू नका. या जातीत दाण्यांची गर्दी झाली की उडणारे भुंगे जास्त निघतात, ते कॅन्टीनच्या कोठीपर्यंत पोचतात. सगळं पुन्हा आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये, मग बाहेर.